आठ हजार आणि एकवीस हजार यांच्या मधली जागा

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघं नागपूरला लक्ष्मीनगरात राहतो. 2020 च्या जुलैत लेकीचं इंजिनिअरिंगचं कॉलेज घरूनच सुरू झालं, तेव्हा बर्डीवरून 56,000 रुपयांना लॅपटॉप घेतला. आय5 प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. आता ती पुण्याला नोकरीला आहे आणि कंपनीने तिला लॅपटॉप दिला आहे. आमचा घरीच पडून असतो. सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, बॅटरी तासभर टिकते, स्क्रीन उघडताना उजवीकडे करकर वाजतं. बाकी ठीक आहे.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला यंदा पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. तिला हा लॅपटॉप हवा आहे. मी म्हटलं, असाच घेऊन जा. तर ताई म्हणाल्या, "फुकटचं नाही पाहिजे बाई. किती द्याचे ते सांगा, थोडे थोडे करून देते."

बर्डीच्या दुकानदाराने बघून रोख 8,000 सांगितले. नवीन घेतला तर 10,000 धरीन म्हणाला. जुने लॅपटॉप तपासून विकणाऱ्या दुसऱ्या दुकानात साधारण असाच, पण एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकलेला, बॅटरी चांगली असलेला, सहा महिन्यांच्या वॉरंटीचा लॅपटॉप 21,000 ला आहे. ऑनलाइन जाहिरातींत लोक 25,000 मागतात. भाचा सीएच्या ऑफिसात आहे, तो म्हणतो हिशेबाने 4,355 रुपयेच उरले. संक्रांतीला लेक आली होती, ती म्हणते पंचवीसच्या खाली देऊ नको. एसएसडी बसवायला 3,500 आणि बॅटरीला 2,800 लागतील असं दुकानात कळलं.

ताईंना आमच्याकडे नऊ वर्षं झाली. जास्त घेतले तर माझ्याच मनाला लागेल, आणि फार कमी सांगितले तर त्यांना कळेलच. योग्य किंमत काढायची तरी कशी?

– लक्ष्मीनगरची एक वाचक


काकू, नमस्कार.

तुमच्या पत्रात एकाच लॅपटॉपचे पाच-सहा भाव आहेत आणि सांगणारा प्रत्येक जण आपापल्या जागी खरं बोलतो आहे. घोळ होतो तो प्रत्येकाच्या मनातला प्रश्न वेगळा असल्यामुळे. तुमचा प्रश्न असा आहे, की आज, आहे त्या अवस्थेत, हा लॅपटॉप ह्या मुलीला दिला तर दोन्ही घरांपैकी कोणाचंही नुकसान होऊ नये, असा आकडा कुठला? एवढ्यापुरतं भाच्याला आणि लेकीला बाजूला बसवू. दोन्ही दुकानदार मात्र आपल्याला हवेत.

भाच्याचा हिशेब चुकलेला नाही. आयकराच्या नियमांत व्यवसायासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर दरवर्षी शिल्लक किमतीच्या 40 टक्के घसारा, म्हणजे किमतीतली घट, धरतात. 56,000 चे पहिल्या वर्षाअखेर 33,600 उरतात, मग 20,160, मग 12,096, मग 7,258 आणि पाचव्या वर्षी 4,355. पण धंद्याच्या खर्चात दरसाल किती रक्कम टाकायची, एवढ्यासाठीच तो दर आहे. दिवसरात्र वापरून खिळखिळा झालेला लॅपटॉप आणि कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला लॅपटॉप, दोघांची किंमत त्या कागदावर सारखीच उतरते. तुमचा तर घरच्या वापराचा, त्यामुळे तो दर इथे लागतही नाही. (घरगुती वापरातली अशी वस्तू विकून आलेल्या पैशावर तुम्हाला आयकरही नाही, तेवढी काळजी सोडा.)

लेकीचं म्हणणं मला मनापासून कळतं. तिने त्या लॅपटॉपवर चार वर्षं अभ्यास केला, परीक्षा दिल्या, नोकरीची मुलाखतसुद्धा कदाचित त्याच्याचसमोर बसून दिली असेल. पण तिला दोन गोष्टी सांगा. त्या 56,000 मधले साधारण 8,500 रुपये 18 टक्के जीएसटीचे होते. ते सरकारजमा झाले, पुढचा कोणी ते परत देत नसतो. आणि 2020 चा तो जुलै आठवा. शाळा, कॉलेजं, ऑफिसं सगळी एकदम घरात आली होती, दुकानांत माल पुरत नव्हता, मिळेल त्या भावाला लोक लॅपटॉप उचलत होते. त्या घाईचं मोल तेव्हा आपण मोजलं. आजच्या घेणाऱ्याच्या माथी ते मारता येत नाही.

जाहिरातींतले 25,000 ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे. ज्यांचे लॅपटॉप रास्त भावात विकले गेले त्यांच्या जाहिराती निघून जातात, आणि यादीत साचून राहतात त्या न विकलेल्यांच्या. तीच जाहिरात पंधरा दिवसांनी पुन्हा उघडून बघा. अजून तिथेच असेल तर तो आकडा बाजाराने नाकारला असं समजा. एक्स्चेंजचे 10,000 सुद्धा तितकेच फसवे. जुना न देता नवा रोखीने घेतला तर किती कमी कराल, हे त्याच दुकानदाराला विचारलं की वरचे 2,000 कुठून आले ते बहुधा उलगडतं.

राहिले दोन आकडे, 8,000 आणि 21,000. माझ्या मते तुमचं उत्तर ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

दुकानदार आठ हजाराला घेतो, कारण तो आज, ह्या क्षणी, रोख पैसे देतो आणि पुढे काही निघालं तर तुमच्या दारात येत नाही. ती तुमची तळाची किंमत. त्याहून कमीत ताईंना दिला तर तुमच्या खिशातून काहीतरी गेलं. दुसरं दुकान 21,000 ला विकतं. ती ताईंच्या बाजूची वरची मर्यादा, कारण त्याहून जास्त द्यायचे असतील तर त्यांनी तुमच्याकडून का घ्यावा? ह्या वरच्या आकड्यामागे आणखी एक कारण आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप एकगठ्ठा बाहेर काढतात. मजबूत बांध्याचे, सारख्या मॉडेलचे ते शेकडो लॅपटॉप अशा दुकानांत येतात, आणि घरगुती लॅपटॉपच्या भावाला त्यांचंच झाकण बसतं.

मधल्या 13,000 रुपयांत दुकानाचं भाडं आहे, कारागिराची मजुरी, एसएसडी, बॅटरी, वॉरंटीची जोखीम आणि नफा आहे. ओळखीतल्या दोघांनी परस्पर व्यवहार केला की ह्यातला काही खर्च उरतच नाही. जो खर्च वाचला तो दोघांनी वाटून घ्यावा. माझ्या लेखी योग्य किंमत ती हीच.

आता आकडे मांडायच्या आधी लॅपटॉप नीट बघून घेऊ. लॅपटॉपचं वय दुकानात सगळे विचारतात, पण वयापेक्षा महत्त्वाचं आहे ते त्याच्यापुढे किती वर्षं उरली आहेत. मुलीचा डिप्लोमा तीन वर्षांचा आहे. तेवढी वर्षं त्याने काढायला हवीत.

सर्वांत आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात खाली अबाउट. तिथे आय5 च्या पुढे आडवी रेघ आणि मग आकडे असतात. 1035 असेल तर इंटेलच्या प्रोसेसरांची दहावी पिढी, 8250 असेल तर आठवी, 7200 असेल तर सातवी. नुसतं "आय5 आहे" ह्याला काही अर्थ नाही. आय5 हे नाव 2009 पासून चालत आलं आहे. पिढीला आज पैशांत मोल येण्याचं कारण असं, की विंडोज 10 ला नियमित सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवलं आणि विंडोज 11 इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. सातवी आणि आठवी पिढी ह्यांच्यात एका वर्षाचंच अंतर, पण किमतीत आता मोठी दरी आहे. तुमचा 2020 मध्ये नवा घेतलेला, तो दहाव्या पिढीचा असण्याची शक्यता मोठी. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर विंडोज 11 ची तयारी दिसते का ते बघा. दिसत असेल तर ते फुकट चढतं आणि लॅपटॉप तीन वर्षं सुरक्षित राहायला अडचण नाही. सातव्या पिढीचा निघाला असता तर हे सगळं पत्र मला वेगळं लिहावं लागलं असतं.

मग डिस्क. तीन-चार मिनिटं सुरू व्हायला लागतात म्हटल्यावर घरातले म्हणतात, म्हातारा झाला. तो म्हातारा झालेला नाही, त्याची हार्ड डिस्क मंद आहे. आत फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई, असं ते यंत्र. आजच्या विंडोजला ते पुरत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात सुरू झाल्यावर बराच वेळ 100 टक्के दिसत राहिलं तर दुखणं तेच. एसएसडी टाकली की हाच लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो. ज्यांनी हा फरक डोळ्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून पटत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, काकू, एसएसडी तुम्हीच टाकून द्या आणि मग विका. किंमत त्या मानाने वाढवा, लपवाछपवी नको.

ह्यात तुमचाही एक मोठा फायदा आहे. जुनी हार्ड डिस्क तुमच्या हातात राहते. लेकीचे चार वर्षांचे फोटो, प्रोजेक्ट, आधार आणि मार्कशीटच्या स्कॅन केलेल्या प्रती, सगळं त्यात आहे. बाजारात यूएसबीची साधी केसिंग मिळते. तीत ही डिस्क बसवली की लेकीला बॅकअप ठेवायला वेगळी डिस्क घ्यायला नको. पुसण्याची धाकधूकही नाही. हार्ड डिस्कसकट द्यायचा ठरलाच तर नुसत्या फायली डिलीट करून थांबू नका, त्या परत काढता येतात. रिसेट धिस पीसी मध्ये जाऊन रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा आणि पुढच्या पानावर क्लीन डेटा सुरू करा. 1 टीबीच्या डिस्कला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.

बॅटरीला तुम्ही तासभर म्हणता, ते मोजून घेऊ. कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर उरणारी क्षमता शेजारी शेजारी लिहिलेली असते. मूळ 41,000 आणि आताची 22,500 असेल तर 55 टक्के उरली. अशी बॅटरी लगेच बदलायलाच हवी असं नाही. मुलगी घरी प्लगला लावूनच बसणार असेल तर पहिलं वर्ष जाईल. कॉलेजात न्यायचा असेल तर मात्र बदलावी लागेल. हा निर्णय त्यांच्यावर सोडा, बॅटरीचे पैसे हिशेबात आधीच वजा धरा. आणि बदलायचीच झाली तर फुगलेली बॅटरी म्हणजे धोका, हे दोघींनाही माहीत असू द्या: टचपॅड वर उचललेलं दिसलं की त्याच दिवशी दुकानात.

आता आपल्या गावाचं दुखणं. पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या किमतीच्या तक्त्यांत हे नसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि लॅपटॉप कुठे ठेवलेला असतो? कूलरच्या समोर. कूलरची हवा थंड लागते खरी, पण ती दमट असते आणि बाहेरची धूळ घेऊन येते. त्या ओलसर धुळीचा लगदा पंख्याच्या मागच्या जाळीत बसतो, नमद्यासारखा घट्ट. मग पंखा ओरडत राहतो, हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो, आणि फारच तापला तर लॅपटॉप दुपारी दोन वाजता धाडकन बंद. हिवाळ्यात ह्यातलं काही दिसत नाही. आत्ता जानेवारीत तुमचा लॅपटॉप शांत असेल, पण तो पाच उन्हाळे पाहून आला आहे. एसएसडी टाकायला खालचं झाकण उघडावंच लागतं. त्याच वेळी पंखा साफ करून प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावायला सांगा. दोन्ही कामं एकत्र सांगितली तर मजुरी वेगळी फारशी लागत नाही. मग घरी आणून खोली बंद करा आणि दीड-दोन तास यूट्यूबवरचा मोठा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावून ठेवा. डाव्या-उजव्या फटीतून गरम हवा जोरात यायला हवी. गरम हवा येते म्हणजे तब्येत चांगली. लॅपटॉप तापलाय आणि हवा नाही, म्हणजे काम नीट झालेलं नाही.

करकर वाजते ती हिंज, स्क्रीनची बिजागरी. पंधरा इंची प्लास्टिकच्या लॅपटॉपना हा आजार सर्रास होतो. आवाजाकडे दुर्लक्ष केलं की एक दिवस कोपऱ्यातलं प्लास्टिक फुटतं आणि स्क्रीनची तारही तुटू शकते. झाकण उघडलंच आहे तर दुरुस्तीचा आकडा काढून घ्या. बाकी कीबोर्डची सगळी बटणं, कॅमेरा, माइक, वायफाय, तिन्ही यूएसबी हे पाच मिनिटांत बघून होतं.

आता मांडू. सगळे आकडे तुमच्याच पत्रातले आहेत, एक सोडून. वॉरंटीची किंमत तुम्ही लिहिलेली नाही. ती काढायची युक्ती सोपी आहे: त्या 21,000 वाल्या दुकानात जाऊन विचारा, "वॉरंटी नको, चालू स्थितीत द्या, किती?" जेवढे कमी सांगेल तेवढी वॉरंटीची किंमत. मी आत्ता 1,700 धरतो. विचारून आलात की तुमचा आकडा घाला.

ताईंच्या बाजूने: दुकानात 21,000. तुमच्या लॅपटॉपला एसएसडी नाही म्हणून 3,500 वजा, बॅटरी थकली म्हणून 2,800 वजा, वॉरंटी नाही म्हणून 1,700 वजा. उरले 13,000. आहे त्या अवस्थेत ह्याहून जास्त देणं त्यांच्या तोट्याचं. तुमच्या बाजूने तळ 8,000. दोघांच्या बरोबर मध्ये 10,500. तुम्हाला दुकानापेक्षा 2,500 जास्त मिळतात, त्यांचे 2,500 वाचतात. एसएसडी तुम्ही टाकून दिली तर त्यात 3,500 मिळवा: 14,000.

हिंजची दुरुस्ती समजा 1,000 निघाली. दुकानदाराने करकर ऐकूनच 8,000 सांगितले आहेत, तेव्हा तळ हलत नाही. वरचा आकडा 1,000 ने उतरतो आणि मधला 500 ने. दुसरीकडे, मी तुम्हाला एक शब्द ताईंना द्यायला सांगणार आहे, आणि त्या शब्दाला ह्या 500 पेक्षा जास्त मोल आहे. म्हणून 14,000 वर थांबा.

तो शब्द असा: "पावसाळा लागेपर्यंत लॅपटॉप तापून बंद पडला किंवा पंखा ओरडला, तर दुरुस्ती माझ्याकडे."

हे मी का सांगतो आहे? 2011 मध्ये मी माझा डेस्कटॉप ऑफिसातल्या एका मित्राला विकला. किंमत वाजवी होती, दोघांनी बसून ठरवली होती. तो डेस्कटॉप उन्हाळ्यात दुपारी कधीमधी बंद पडायचा. मी साफ करून घेतला होता, आता होणार नाही असं मला वाटलं, म्हणून सांगितलं नाही. व्यवहार डिसेंबरात झाला. मे महिन्यात तो बंद पडायला लागला. मित्राने मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त दुपारच्या चहाला यायचं बंद केलं. मला दुसऱ्याकडून कळलं. मी 2,000 रुपये घेऊन त्याच्या घरी गेलो, त्याने घेतलेही, पण तो चहा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. किंमत बरोबर होती, माहिती अर्धी होती, आणि अर्ध्या माहितीवर ठरलेली किंमत बरोबर म्हणता येत नाही. तेव्हापासून मी जुनी वस्तू देताना दोष आधी लिहून देतो. तुम्हीही एका कागदावर लिहा: बॅटरी एवढे टक्के, हिंज वाजत होती, दुरुस्त केली किंवा नाही केली, पंखा अमुक तारखेला साफ केला.

रॅमबद्दल थोडं, कारण दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही. 2025 च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत. एआयची मोठी डेटा सेंटरं मेमरी उचलत आहेत आणि कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं आहे. त्यामुळे नवे लॅपटॉप महाग होत आहेत आणि जुन्या लॅपटॉपमधल्या 8 जीबीलाही मोल आलं आहे. तुमच्या दुकानदाराने 8,000 सांगितले त्याला महिना झाला असेल तर पुन्हा विचारा, आणखी एका दुकानातही विचारा. तळ वर सरकला असेल तर मधला आकडाही निम्म्याने सरकवा. एसएसडीचाही त्या दिवशीचा भाव घ्या, तीही मेमरीचीच बहीण. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमच्या किती जागा वापरात आहेत ते दिसतं. दोनपैकी एक असेल तर ते मुलीला आवर्जून सांगा. सी आणि पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकायला 8 जीबी भरपूर. पुढे अँड्रॉइडचं ॲप बनवायला लागली की त्यासाठी लागणारा अँड्रॉइड स्टुडिओ हा प्रोग्रॅम 8 मध्ये कण्हत चालतो, त्याला 16 हवे असतात. रिकामी जागा असणं ही तिच्यासाठी खरी किमतीची गोष्ट.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जास्त घेतले तर मनाला लागेल. काकू, 14,000 घेताना अजिबात लागू देऊ नका. ताईंनी तुम्हाला "फुकटचं नाही पाहिजे" म्हटलं तेव्हा त्या फक्त पैशाबद्दल बोलत नव्हत्या. पाच हजार सांगितलेत तर उरलेल्या रकमेचं ओझं किती ते त्यांना कधीच कळणार नाही. सणाला जास्तीचं काम आलं तर नाही म्हणताना ते आठवेल. आणि लॅपटॉप बिघडला तर त्या तुम्हाला सांगायच्याच नाहीत. स्वस्तात दिला होता, आता कुठल्या तोंडाने सांगू, असं म्हणून गप्प बसतील. पूर्ण किंमत देणाऱ्याला तक्रार करायचा हक्क असतो. तो त्यांना मिळू द्या. मदत करायचीच असेल, आणि तुमच्या मनात ती आहे हे पत्रात दिसतंच, तर ती किमतीत मिसळू नका. मुलगी पहिल्या वर्षाला पास झाली की शिक्षिका म्हणून शाबासकीचं काहीतरी द्या, बॅटरी द्या, रॅम द्या. त्याला ताई नाही म्हणणार नाहीत, कारण ते मुलीने कमावलेलं असेल.

हप्ते असे करता येतील: सुरुवातीला 4,000, मग दहा महिने हजार हजार. एक गोष्ट कटाक्षाने पाळा. हप्ता पगारातून परस्पर कापू नका. पगार पूर्ण हातात द्या, आणि हप्ता त्यांनी वेगळा द्यावा, त्याच दिवशी दिला तरी चालेल. वहीच्या एका पानावर रक्कम आणि तारीख लिहून दोघींच्या सह्या. एखादा महिना चुकला तर तो शेवटी जोडायचा, त्यावर बोलायचं नाही, हेही आधीच ठरवून घ्या.

लेकीला फोन कराल तेव्हा एवढं सांगा: 56,000 चा लॅपटॉप साडेपाच वर्षं वापरला. एसएसडीचे पैसे वजा जाता हातात 10,500 येतात. म्हणजे महिन्याला सातशे रुपयांच्या आत पडला, आणि त्यात तिची इंजिनिअरिंगची डिग्री झाली. मला वाटतं ती पंचवीसचा हट्ट सोडेल.

समजा ताईंचा विचार बदलला आणि अनोळखी माणसाला द्यायची वेळ आली, तर हिशेब हाच राहील. फक्त उन्हाळ्याचा शब्द देऊ नका आणि तेवढी किंमत उतरवा. व्यवहार घरी नको, मेट्रो स्टेशनच्या आत वर्दळीत करा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मानू नका, बँकेच्या ॲपमध्ये स्वतः बघा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी क्यूआर पाठवून पिन टाका म्हणाला तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर फोन.

देण्याआधी लेकीला तिच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ह्या लॅपटॉपचं नाव काढायला सांगा, म्हणजे मुलगी स्वतःच्या खात्याने सुरुवात करू शकेल. विंडोजचा परवाना लॅपटॉपच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो, नव्या एसएसडीवर तो आपोआप ओळखला जातो. दुकानदार त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. मूळ बिल सापडलं तर ते ताईंच्या हवाली करा, आणि त्यांच्या नावाने चिठ्ठी लिहा: मॉडेल, खालच्या बाजूचा सिरीयल नंबर, तारीख, रक्कम, तुमची सही. उद्या मुलीला तो विकायचा झाला तर चोरीचा नाही हे दाखवायला तिच्याकडे कागद असेल.

आणि चार्जर मूळचाच द्या. तो कुठे ठेवलाय ते आजच शोधून ठेवा.